मध्ययुगातल्या लोकांची पृथ्वी गोलच होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मुलांच्या पानावर कोलंबसवर एक छोटा लेख आलाय, त्याबद्दल लिहितेय. त्यात म्हटलंय की मध्ययुगात युरोपातले लोक पृथ्वी सपाट समजायचे, खलाशांना भीती असायची की जहाज फार लांब गेलं तर कडेवरून खाली पडेल, आणि मग १४९२ मध्ये कोलंबस निघाला आणि त्याने पृथ्वी गोल असल्याचं दाखवून दिलं. शेजारी एक चित्र छापलंय, एक माणूस गुडघे टेकून आभाळाच्या पडद्यातून डोकं पलीकडे काढून बघतोय, पलीकडे चाकं आणि ढगांच्या रांगा, आणि खाली लिहिलंय 'मध्ययुगीन चित्र'.

माझी भाची सहावीत आहे. तिने ते कात्रण वहीत चिकटवलं, सोमवारी शाळेत परिपाठाला वाचून दाखवलं, टाळ्या मिळाल्या, आणि संध्याकाळी मोठ्या उत्साहाने मला दाखवायला खाली आली. मी म्हटलं अगं हे बरोबर नाहीये. तर ती म्हणाली, "आत्या, पेपरात आलंय." बोलणंच संपलं तिथे. मी गेली कितीतरी वर्षं घरी गणिताच्या शिकवण्या घेते, जमेल तेव्हा मुलांना घेऊन वांगणीला आकाशदर्शनाला जाते, पण छापील अक्षरापुढे आत्याचं काय चालणार. म्हणून हे पत्र. दुरुस्ती पण पेपरातच यायला हवी.

चित्रापासून सुरुवात करते कारण ते पटकन सांगून होईल. ते मध्ययुगीन नाहीये. १८८८ मध्ये पॅरिसला कॅमिल फ्लामारियाँ या फ्रेंच खगोलप्रसारकाचं हवामान आणि वातावरणावरचं एक लोकप्रिय पुस्तक निघालं त्यात ते पहिल्यांदा छापलं गेलं, म्हणजे आपल्याकडे टिळक-आगरकरांचा काळ. रंग तर त्याहून नंतर कोणीतरी भरलेत. चित्र सुंदर आहे, मलाही आवडतं, पण त्यावरून मध्ययुगातल्या माणसाच्या डोक्यात काय होतं ते नाही कळत, एकोणिसाव्या शतकाला मध्ययुग कसं वाटत होतं ते कळतं.

आता पृथ्वीचं बघू. इंग्लंडच्या उत्तरेला एका मठात बीड नावाचा साधू होता, त्याने ७२५ च्या सुमारास कालगणनेवर पुस्तक लिहिलं आणि त्यात स्पष्ट लिहून ठेवलंय की पृथ्वी ढालीसारखी नुसती गोल चकती नाही, चेंडूसारखी सगळ्या बाजूंनी गोल आहे. ७२५, म्हणजे कोलंबसच्या साडेसातशे वर्षं आधी, आणि लिहिणारा चर्चचाच माणूस. पुढे १२३० च्या आसपास पॅरिसला साक्रोबोस्को नावाच्या शिक्षकाने 'गोल' याच विषयावर एक छोटंसं क्रमिक पुस्तक लिहिलं, आणि ते युरोपातल्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवलं जात होतं, चारशे वर्षं एकच टेक्स्टबुक! त्यात पृथ्वी गोल का याची कारणं दिलीत. एक जहाजाचं, की किनाऱ्यावरची खूण डोलकाठीच्या पायथ्याशी उभ्या माणसाला दिसेनाशी होते तेव्हा काठीच्या टोकावर चढलेल्याला ती अजून दिसत असते, मधे पाण्याचा फुगवटा आल्याशिवाय असं होणार नाही. आणि दुसरं ग्रहणाचं. चंद्रग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, पण पश्चिमेच्या लोकांच्या ते रात्रीच्या पहिल्या तासाला असेल तर पूर्वेच्या लोकांच्या तिसऱ्या तासाला असतं, कारण पूर्वेकडे सूर्य आधी मावळलेला असतो.

हे दुसरं कारण मी भाचीला दाखवू शकले कारण तिने ते स्वतः पाहिलं होतं. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आठवतंय का, त्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर होतो, ढग येत जात होते, रात्री एकच्या सुमाराला चंद्र सावलीतून अर्धा बाहेर आलेला, आणि लंडनहून माझ्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला, त्याच्या खिडकीतून तोच अर्धा खाल्लेला चंद्र इमारतींच्या वर नुकता आलेला. त्याच्याकडे साडेआठ वाजले होते, जेवणं व्हायची होती. मी भाचीला म्हटलं, काकाकडे साडेआठ आणि आपल्याकडे एक, चंद्र मात्र तोच आणि सावली पण तेवढीच, पृथ्वी सपाट असती तर सूर्य सगळ्यांचा एकदमच मावळला असता आणि ग्रहण सगळ्यांना रात्रीच्या एकाच वेळी दिसलं असतं ना? ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली "हो की." आठशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या पोरांना हेच सांगून समजावलं होतं, व्हिडिओ कॉल नसताना.

राजांच्या जुन्या चित्रांत बघा, हातात एक गोळा असतो आणि त्यावर क्रूस, तो गोळा म्हणजे जग. आणि तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, त्याच्या मोठ्या धर्मग्रंथाच्या अगदी पहिल्या प्रश्नात, एकच गोष्ट दोन शास्त्रं दोन वेगळ्या मार्गांनी सिद्ध करू शकतात याला उदाहरण म्हणून त्याने पृथ्वीचं गोल असणं घेतलंय. उदाहरण म्हणून माणूस अशीच गोष्ट घेतो जी समोरच्याला आधीपासून मान्य असते.

हे लोक चुकले नव्हते असं मी म्हणत नाहीये. चुकले, पण दुसऱ्याच ठिकाणी, आणि मुलांना ती खरी चूक सांगितली तर जास्त मजा आहे. त्यांचं विश्व कांद्यासारखं होतं. मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती पाणी, हवा आणि अग्नीचे थर, आणि मग एकात एक बसलेले पारदर्शक गोल, पापुद्र्यांसारखे, मधे रिकामी जागा अजिबात नाही. पहिल्या गोलात चंद्र, मग बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनि, आठव्यात सगळे तारे. त्याच्या बाहेर एक गोल जो बाकी सगळ्यांना दिवसातून एकदा फिरवतो, काहीजण मधे एक स्फटिकाचा गोल धरायचे कारण बायबलमध्ये आकाशाच्या वर पाणी असल्याचं लिहिलंय, आणि सगळ्यात शेवटी स्थिर स्वर्ग, जिथे देव. चंद्राच्या खाली सगळं बदलतं, सडतं, मरतं, चंद्राच्या वर काहीच बदलत नाही, तिथलं द्रव्यच वेगळं, चार भुतांच्या पलीकडचं पाचवं. हे बरंचसं ॲरिस्टॉटलकडून आलेलं आणि ग्रहांचं गणित टॉलेमीचं, जो इ.स. १५० च्या सुमाराला अलेक्झांड्रियात होता.

हा ग्रहांचा क्रम त्यांनी कशावरून लावला? दुर्बीण नव्हती, अंतर मोजायची सोय जवळजवळ नव्हती. त्यांनी वेग बघितला. चंद्र सत्तावीस दिवसांत आकाशाची फेरी मारतो म्हणजे सगळ्यात जवळ, आणि शनि सगळ्यात हळू म्हणजे सगळ्यात लांब. मराठी घरात हे समजावायला काहीच त्रास नाही कारण साडेसाती सगळ्यांना माहीत असते, शनि एका राशीत अडीच वर्षं, तीन राशी म्हणून साडेसात, आणि बाराही राशी धरल्या की तीस वर्षं. (फलज्योतिषावर माझा विश्वास नाही पण शनीचा हा हिशोब बरोबर आहे, खरा आकडा साडेएकोणतीसच्या आसपास आहे.) सूर्य, बुध आणि शुक्राला मात्र सारखंच एक वर्ष लागताना दिसायचं, त्यामुळे त्या तिघांत आधी कोण यावर शेकडो वर्षं वाद चालला.

आणि हा क्रम आपण रोज वापरतो! आठवड्याचे वार त्यातूनच आलेत. भाचीला मी ओट्याशी उभं करून बोटांवर मोजायला लावलं. बाहेरून आत या, शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस तास, प्रत्येक तासाचा एक मालक, पहिल्या तासाचा जो मालक त्याचं नाव दिवसाला. शनिवारी पहिला तास शनीचा, मग गुरूचा, असं करत सात तासांनी परत शनि, तीन फेऱ्यांत एकवीस तास संपले, बाविसावा शनि, तेविसावा गुरू, चोविसावा मंगळ, आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला तास रवीचा. रविवार! तिथून पुढे मोजलं की सोम, मग मंगळ. तिसऱ्या वाराला तर ती ओरडलीच. पंचांगात होऱ्यांचं कोष्टक असतं ते हेच, आणि होरा हा शब्दच ग्रीकमधून आलाय. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला सगळ्यात जुना नक्की तारखेचा शिलालेख मध्य प्रदेशात एरणला आहे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. ४८४ चा, गुरुवारचा. म्हणजे ज्या कल्पनेला आपण 'त्या अडाणी लोकांची' म्हणून उडवून लावतो ती कॅलेंडरच्या रूपाने आपल्याच भिंतीवर लटकलीये.

टॉलेमीच्या ग्रंथाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. ग्रीकमधून तो अरबीत गेला, बगदादमध्ये नवव्या शतकात अल-फरगानीने त्याचं सोप्या भाषेत सार काढलं, ११७५ मध्ये स्पेनमधल्या टोलेडोला क्रेमोनाच्या जेरार्डने मूळ ग्रंथाचं अरबीवरून लॅटिन केलं आणि तिथून तो पॅरिस-ऑक्सफर्डला पोचला. आणि त्याच ग्रंथाच्या एका अरबी आवृत्तीचं १७३२ मध्ये जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडितांनी संस्कृत भाषांतर केलं, आणि हे जगन्नाथ पंडित आपले महाराष्ट्रातले. तुमच्या पुरवणीत कधीतरी यांच्यावर लेख द्या, मुलांना आवडेल.

दुसरा एक गैरसमज असा की त्यांचं विश्व म्हणजे एक छोटीशी डबी. तसं नव्हतं. टॉलेमीनेच लिहिलंय की आकाशाच्या मानाने पृथ्वी म्हणजे नुसता बिंदू. अल-फरगानीच्या आकड्यांनी तारे साडेसहा कोटी मैलांवर येतात. रॉजर बेकन या इंग्रज साधूने १२६७ च्या सुमाराला पोपला पाठवलेल्या ग्रंथात हिशोब करून दिलाय की रोज वीस मैल चालणाऱ्या माणसाला चंद्रापर्यंत जायला १४ वर्षं ७ महिने २९ दिवस लागतील. २९ दिवस! मला हा माणूस फार आवडतो. त्याच शतकातल्या एका इंग्रजी संतचरित्रांच्या संग्रहात म्हटलंय की रोज चाळीस मैलांच्या वर चढत गेलात तरी आठ हजार वर्षांत ताऱ्यांपर्यंत पोचणार नाही, आणि हे विद्वानांसाठी नव्हतं, लॅटिन न येणाऱ्या साध्या लोकांसाठी बोलीभाषेत लिहिलेलं होतं. आजच्या मानाने आकडे लहान आहेत, कबूल, साडेसहा कोटी मैल म्हणजे सूर्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. पण रोज वीस मैल चालून बघा म्हणजे त्यांना ते केवढं वाटत असेल ते कळेल.

आणि ते "माणूस स्वतःला विश्वाच्या केंद्रस्थानी समजत होता, केवढा अहंकार" हे जे नेहमी लिहिलं जातं ना, तुमच्या लेखातही शेवटी एक ओळ आहे तशी, ते तर उलटंच आहे. त्यांच्या विश्वात मध्य म्हणजे तळ. जड, घाणेरडं, बदलणारं जे काही ते सगळं खाली मध्याकडे येतं, गाळ जसा हंड्याच्या बुडाशी बसतो तसा. मान होता तो बाहेरच्या कडेला. दान्ते या इटालियन कवीने १३२१ च्या आत त्याचं महाकाव्य पुरं केलं त्यात नरक पृथ्वीच्या पोटात आहे आणि पृथ्वीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे विश्वाच्या बरोबर केंद्रावर, सैतान बर्फात रुतून बसलाय. केंद्रस्थानचा मान हा असा. तिथली एक जागा मी परत परत वाचते. दान्ते आणि त्याचा वाटाड्या व्हर्जिल सैतानाच्या अंगावरचे केस धरधरून खाली उतरतायत, कमरेपाशी आल्यावर व्हर्जिल धापा टाकत उलटा होतो, डोकं होतं तिथे पाय, आणि वर चढायला लागतो. दान्ते घाबरतो, त्याला वाटतं आपण परत नरकात निघालो. नाही, ते केंद्र ओलांडून पलीकडे गेलेले असतात, आता 'वर' म्हणजे दुसऱ्या बाजूला, आणि सैतानाचे पाय वर आलेले दिसतात. सपाट पृथ्वी मानणाऱ्या माणसाला हे सुचेल का? पुढे स्वर्गात, शनीचा गोल ओलांडून ताऱ्यांच्या गोलात गेल्यावर तो मागे वळून सातही गोलांतून खाली बघतो आणि पृथ्वी त्याला एवढीशी दिसते, तिला तो इवलंसं खळं म्हणतो, ज्याच्यासाठी आपण एकमेकांच्या जिवावर उठतो. खळं, आपलं मळणीचं खळं. अवकाशातून काढलेल्या पृथ्वीच्या फोटोच्या साडेसहाशे वर्षं आधी.

विचार करायला बंदी होती हेही अर्धंच खरं. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली हे खरंय, ती काही चांगली गोष्ट नव्हती, पण त्यातली काही विधानं अशी होती की देवसुद्धा अमुक गोष्ट करू शकत नाही, उदाहरणार्थ मागे पोकळी राहील म्हणून सगळं विश्व सरळ रेषेत हलवू शकत नाही. हे म्हणायला बंदी झाल्यावर लोक म्हणाले, बरं, देव करू शकतो असं धरा, मग काय होईल? आणि ॲरिस्टॉटलच्या बाहेरचा विचार सुरू झाला. शंभर वर्षांनी, १३७७ मध्ये, निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने फ्रान्सच्या राजासाठी लिहिलेल्या पुस्तकात, आणि ते लॅटिनमध्ये नाही तर लोकांच्या फ्रेंचमध्ये, मांडलं की एवढं अवाढव्य आकाश रोज फिरण्यापेक्षा लहानशी पृथ्वी फिरते म्हणणं जास्त सोपं आहे, आणि दिसायला दोन्हीत काही फरक पडणार नाही, जहाजात बसलेल्याला दुसरं जहाज हलतंय असं वाटतं तसं. वर मारलेला बाण त्याच जागी का पडतो याचंही उत्तर दिलंय. शेवटी तो म्हणतो की आकाशच फिरतं असं सगळे मानतात आणि मीही तेच मानतो. पण वर्गात हे शिकवताना त्याचा निष्कर्ष सांगून सोडून देण्यापेक्षा आधीची ती पानं मुलांपुढे ठेवली तर किती बरं होईल!

मग सपाट पृथ्वीवाले कोणीच नव्हते का? होते, मोजके. आणि त्यातला जो सगळ्यात ठळक आहे त्याचा आमच्या कल्याणशी संबंध आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, पुढे साधू झालेला, कॉस्मस त्याचं नाव, त्याने लिहिलं की विश्व एका पेटीसारखं आहे, तळाला चौकोनी पृथ्वी, वर कमानीसारखं झाकण, आणि उत्तरेला एक मोठा डोंगर ज्याच्यामागे सूर्य रात्री जातो. त्याच पुस्तकात हिंदुस्थानातल्या बंदरांची नावं आहेत आणि त्यात 'कल्लियाना' आहे, बरेच अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात, तिथून तांबं आणि कापड जातं, मोठा व्यापार आहे असं तो लिहितो. तो स्वतः इथे आला होता की ऐकून लिहिलं यावर वाद आहे. पण माझ्या गावाचं नाव लिहिणारा माणूस म्हणून मी त्याचं सगळं मन लावून वाचलं आणि प्रामाणिकपणे सांगते, व्यापाराचं तो उत्तम सांगतो, विश्वाचं चुकीचं सांगतो, आणि त्याचं विश्व कोणी उचललं नाही. पुस्तक ग्रीकमध्ये होतं, पश्चिम युरोपात लॅटिनमध्ये आलं ते थेट अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याला सगळ्या मध्ययुगाचा प्रतिनिधी करणं म्हणजे आज एखादा व्हॉट्सॲप फॉरवर्ड उचलून 'एकविसाव्या शतकात लोक असं मानत' लिहिण्यासारखं आहे.

राहिला कोलंबस. त्याचं आणि स्पेनच्या विद्वानांचं भांडण पृथ्वीच्या आकारावर नव्हतं, मापावर होतं. पृथ्वीच्या घेराचा एक अंश म्हणजे किती मैल, हा अल-फरगानीचा आकडा त्याने घेतला पण अरबी मैलाच्या जागी लहान मैल धरला, वर आशिया होता त्याहून पूर्वेला ताणला, आणि कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २४०० सागरी मैलांवर आणून ठेवलं. खरं अंतर दहा हजारांच्या वर आहे. विद्वान म्हणत होते एवढ्या लांब जहाज पोचणार नाही, अन्नपाणी संपेल, आणि ते बरोबर होते, मधे अमेरिका लागली म्हणून तो वाचला. कडेवरून पडण्याची गोष्ट खूप पसरली ती वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८२८ च्या कोलंबस चरित्रामुळे, ज्यात इतिहास आणि कल्पना बेमालूम मिसळलीये.

ते गोल मोडले ते आकाशाकडे बघूनच. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मधे आणला तरी त्याच्या पुस्तकाच्या नावात 'आकाशातले गोल' आहेतच. १५७२ मध्ये टायको ब्राहेला, चंद्राच्या वर जिथे काहीच बदलू नये तिथे, नवा तारा दिसला, आणि १५७७ च्या धूमकेतूचं मोजमाप केल्यावर कळलं की तो चंद्राच्या पलीकडून, त्या सगळ्या पापुद्र्यांतून आरपार चाललाय. म्हणजे पापुद्रे नाहीतच.

माझी विनंती एवढीच की दुरुस्ती मुलांच्याच पानावर, त्याच जागी छापा, आतल्या पानावर बारीक अक्षरात नको, तिथे मुलं बघत नाहीत. चित्राखालची ओळ बदला, १८८८ लिहा. आणि जागा असेल तर वारांचं ते बोटांवरचं मोजणं द्या, पोरं करून बघतील. भाचीने परिपाठाच्या बाईंना सांगून ठेवलंय की बरोबर माहिती आली की ती परत वाचणार आहे. तिच्या वहीत त्या कात्रणासमोरचं पान आम्ही कोरं ठेवलंय.

आपली,
एक नियमित वाचक, कल्याण